अप्पांची सायकल, ओरिजिनल कंडिशनमध्ये

२६ ऑक्टोबर, रविवार

आज एक निर्णय घेतला. अप्पांची सायकल मी दुरुस्त करणार. दुरुस्त नाही, रिस्टोअर. दोन्हींत फरक आहे. दुरुस्ती कोणीही करतं.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. अप्पा म्हणजे माझे सासरे, शिवलिंगप्पा. सोलापुरात, बाळीवेशीतल्या घरी एकटे राहतात. रोज सकाळी सायकलवर सिद्धेश्वरच्या देवळात, मग तळ्याकाठच्या बाकावर मित्रांशी गप्पा, येताना भाजी. गेल्या आठवड्यात ते देवळात असताना बाहेर लावलेल्या सायकलवर एक रिक्षा रिव्हर्समध्ये आली. पुढच्या चाकाचा आठ झाला, फोर्क वाकला. अप्पा तेव्हापासून घरीच.

आज त्यांच्याकडे सगळे जेवायला होतो. माझा साडू प्रभु, होटगीला रेल्वेत असतो, शेंगाची चटणी वाढून घेत म्हणाला, "मी न्हेतो की गाडीत टाकून. रिंग आन् फोर्क बदलायचं. पुढच्या रविवारी परत." जणू घरात दुसऱ्या कोणाला हातच नाहीत. मी तिथल्या तिथे सांगितलं की ही विलायती सायकल आहे, व्हिंटेज. तिला कोणाचाही पाना लावायचा नसतो. मी घरी करीन, पूर्ण ओरिजिनल कंडिशनमध्ये.

सिद्धेश्वरी (पत्नी) ताटात बघत राहिली. अप्पा हात धुवायला उठले, नेहमीप्रमाणे डाव्या पायाने लंगडत गेले, लंगडत आले आणि म्हणाले, "इरली, सुबोधराव. इरली."

इरली, म्हणजे होऊ दे. कन्नड मी लग्नानंतर स्वतःच शिकलो. सिद्धेश्वरीला ते मान्य नाही, पण अप्पांना नक्की ठाऊक असणार, नाहीतर एवढी महत्त्वाची परवानगी त्यांनी कन्नडमध्ये दिली नसती. आमच्या लग्नाला होकार देतानाही त्यांनी हाच शब्द वापरला होता.

मुदत : दोन आठवडे. दोन म्हणजे जास्तच झाले.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सायकल टेम्पोने जुळे सोलापूरला आणली. आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर, ताडपत्रीखाली. कोणालाही दाखवायची नाही, सिद्धेश्वरीलासुद्धा नाही. सरप्राईज.

स्टेटस टाकलं : "Project Vintage. Day One." प्रभुने पाहिलं. लागलं असणार.

२ नोव्हेंबर, रविवार

अभ्यासाचा टप्पा. दिवसभर व्हिडिओ पाहिले. एक दाढीवाले परदेशी गृहस्थ फार शांतपणे सायकल खोलतात. हातात काळे हातमोजे. माझ्या लक्षात आलं की निम्मं काम हातमोज्यांवर असतं. मागवले. साईज निवडण्यात संध्याकाळ गेली.

अप्पांचा फोन. तब्येतपाणी झाल्यावर विचारलं, "सायकलीचं कुटवर आलंय?" म्हटलं, रिसर्च चालू आहे. ते म्हणाले, "आसं व्हय."

९ नोव्हेंबर, रविवार

आज संपूर्ण सायकल खोलली. एकट्याने! मुदत आजची होती, पण खोलणं हेच खरं काम असतं, जोडणं म्हणजे तेच उलट.

व्हिडिओवाले प्रत्येक पार्टचा फोटो काढून ठेवतात. मला गरज वाटली नाही. माझी स्मरणशक्ती ऑफिसात प्रसिद्ध आहे.

पुढच्या चाकाचं हब उघडताना आतले छर्रे सांडले. गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार आहे हे आज कळलं. बरेचसे पाईपातून खाली गेले. खालच्या गिरिजाबाई वर येऊन म्हणाल्या की त्यांच्या बाल्कनीत गोळ्या पडतायत, काय चाललंय. म्हटलं, रिस्टोरेशन. त्यांनी जे सापडले ते वाटीत आणून दिले. नवे मिळतात.

एक गंमत. डाव्या पायडलला कोणीतरी लाकडाचा जाड ठोकळा बोल्टने आवळून बसवला होता. वरून ट्यूब गुंडाळलेली. घासून घासून लाकूड काळं, गुळगुळीत, मध्ये खोलगट झालेलं. उजव्या पायडलला काही नाही. सीटही सरळ नव्हतं, डावीकडे वळवलेलं आणि जरा खाली दाबलेलं. अप्पांनी इतकी वर्षं ही वाकडी सायकल चालवली कशी! नेटवरच्या एकाही फोटोत असा ठोकळा नाही. जुगाड, दुसरं काय. बोल्ट गंजलेले, तोडायला दोन तास गेले. ठोकळा आणि सीट भंगारवाल्याला देऊन टाकलं. सायकल आता खऱ्या अर्थाने ओरिजिनलकडे निघाली आहे.

नवी मुदत : महिनाअखेर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अप्पांचा फोन. सांगत होते, काल देवळाला पायी निघाले आणि निम्म्या वाटेतून परत आले. "गुडघं ऐकंनात. सायकलीवर कदी कळतच न्हवतं बगा." वैद्यकीयदृष्ट्या याला काही अर्थ नाही. चालायला जमत नाही त्याला सायकल कशी जमेल? समजावलं की या वयात विश्रांती महत्त्वाची, अनायासे मिळतेय. रिक्षा सुचवली. म्हणाले, "रोज रिक्षा करून देवाला जायला मी काय आजारी हाय का?"

मग म्हणाले, "तुमाला हापिस असतंय. कशाला तरास करून घेताव? प्रभु करंल की." मी स्पष्ट नाही म्हटलं. अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. तेव्हा पुन्हा म्हणाले, "इरली मग. इरली."

त्यांचा पाठिंबा आहे म्हणून चाललंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गंज. व्हिडिओतलं केमिकल इथे मिळत नाही. चिंचेचा कोळ आणि व्हिनेगर यांचं स्वतःचं मिश्रण तयार केलं. आज नळाला पाणी येण्याचा दिवस होता, गच्चीवर पाणी चढत नाही, म्हणून पार्ट बाथरूममध्ये भिजत घातले. गंज निघाला. तो फरशीत गेला. फरशी दिवाळीत बसवलेली. सिद्धेश्वरी दारात उभी राहून कन्नडमध्ये काहीतरी बोलली. शब्द नवे होते, पण आशय पोहोचला.

उद्या फरशीवरचे डाग काढायचे. त्यामुळे सायकलीचं काम उद्या होणार नाही. ही माझी चूक नव्हे.

४ डिसेंबर, दत्तजयंती

रंग! मूळ काळा होता, पण काळा कोणीही देतो. बाटलीसारखा हिरवा आणला. एका फोटोत होता, खाली Heritage लिहिलं होतं.

स्प्रे मारताना वारा सुटला. गिरिजाबाईंची पांढरी साडी गच्चीवर वाळत होती. आता तिच्यावर हिरवी बुंदी आहे. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. मी अंगठा दिला, चुकून.

चेनलाही थोडा रंग लागला. थोडा म्हणजे पूर्ण. वाळला की सुटेल.

दुपारी अप्पांचे मित्र शंकरप्पा यांचा फोन. बाकावरचे. "शिवलिंगप्पा दिसंना झालाय. बरा हाय न्हवं?" म्हटलं, बरे आहेत, आराम करतायत. ते म्हणाले, "आराम? त्याला?" आणि फोन ठेवला.

सिद्धेश्वरी परवा जाऊन आली. म्हणते, अप्पा दिवसभर लुंगीवरच असतात, बाहेरचे कपडे घडीचे तसेच कपाटात. टीव्ही चालू असतो, पण बघत नाहीत. तिने विचारलं, कधी होणार सायकल? म्हटलं, गड्ड्याच्या आधी. यात्रेच्या आधी नवी कोरी सायकल, अप्पांना केवढा आनंद! ती म्हणाली, त्यांना नवी नको होती. बायकांना व्हिंटेजची दृष्टी नसते.

१३ डिसेंबर, शनिवार

जोडणी सुरू. सकाळी आठला गच्चीवर गेलो. सगळे पार्ट चादरीवर मांडले. फार सुंदर दिसत होते. कुठला कुठे बसतो ते मात्र त्यांच्याकडे बघून कळत नाही.

जेवायला खाली आलो. परत गेलो नाही. ऊन लागलं.

२१ डिसेंबर, रविवार

आउटसोर्सिंग हा पराभव नव्हे. मोठमोठ्या कंपन्या करतात.

सगळे पार्ट पोत्यात भरून शेळगीकडच्या एका दुकानात नेले. शेळगी मुद्दाम, तिकडे आपल्याला कोणी ओळखत नाही. दुकानदाराने पोतं उपडं केलं, एकेक पार्ट हातात घेऊन बघितला आणि विचारलं, "ये कौन खोल्या, साब?" मी म्हटलं, माझा साडू. रेल्वेत असतो.

बोलून गेलो. आता काय करणार?

फोर्क नवा, दोन्ही चाकं नवी, चेन नवी, पायडल नवे बसणार आहेत. जुन्यातलं फार थोडं उपयोगी राहिलं असं त्याचं मत. पण फ्रेम ओरिजिनल आहे. आणि घंटी.

४ जानेवारी, रविवार

सायकल परत आली. काय दिसते! हिरवीगार, सीट सरळ, लेदरचं, उंच. चकचकीत पायडल. गच्चीवर पुन्हा ताडपत्रीखाली ठेवली. घरी सांगितलं की आज शेवटचा नट आवळला. नट मी आवळला हे खरं आहे. घंटीचा.

पुढच्या रविवारी बाळीवेशीत कार्यक्रम. प्रभुला स्वतः फोन करून बोलावलं. व्हिडिओ काढ म्हटलं.

अप्पांना कळवलं. त्यांनी वार दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, "धोतर इस्त्रीला टाकतो की."

११ जानेवारी, रविवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

अप्पा तयार होऊन बसले होते. इस्त्रीचं धोतर, पांढरा शर्ट, टोपी, कपाळाला विभूती. पिशवीसुद्धा हातात, येताना भाजी आणणार म्हणून. शेजारीपाजारी जमले. मी सायकलीवरची चादर ओढली. सगळे वा म्हणाले. प्रभुसुद्धा म्हणाला.

अप्पा जवळ आले. सीटवर हात ठेवला. मग वाकले आणि डाव्या पायडलकडे बघत राहिले. हळूच विचारलं, "हितलं लाकूड कुटं हाय?"

म्हटलं, अप्पा, ते ओरिजिनल नव्हतं.

ते हसले. "माझा पाय तरी कुटं ओरिजिनल हाय, सुबोधराव?"

सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात त्यांनी एका शेजाऱ्याच्या खांद्याला धरून कशीबशी टांग टाकली. एवढे लोक जमलेत, नाही कसं म्हणायचं, असं वाटलं असेल. उजवा पाय दाबला गेला, डावं पायडल वर येऊन पुन्हा खाली गेलं आणि डावा पाय वरच राहिला. पायडल शोधत होता. नुसता हवेत. सायकल कलली. प्रभुने मोबाईल टाकून त्यांना धरलं. कोपर खरचटलं, बाकी काही नाही.

आखूड पाय. एवढी वर्षं त्या पायाचा आवाज ऐकतोय मी. दारात येण्याआधी जिन्यात ओळखू येतो. ठोकळा काढायला दोन तास लागले होते, त्या दोन तासांत तो पाय एकदाही आठवला नाही.

अप्पांनी सगळ्यांना चहा दिला. मला बशीत बिस्किटं जास्त ठेवली. कोपरावर हळद लावलेली होती. मी ती बिस्किटं हळूच खिशात घातली.

१२ जानेवारी, सोमवार

ऑफिसला गेलो नाही. डोकं दुखत होतं. डोकं दुखत नव्हतं.

सिद्धेश्वरी सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "अप्पांनी तुम्हाला पहिल्या दिवशीच नको म्हटलं होतं. सगळ्यांसमोर."

मी म्हटलं, कधी? ते तर इरली म्हणाले. होऊ दे म्हणाले.

तिचा हात थांबला. "इरली म्हणजे राहू दे. होऊ दे म्हणजे आगली. एवढी वर्षं तुम्ही काय ऐकत होता?"

तवा तापत राहिला. भाकरी परातीतच.

राहू दे. म्हणजे पहिल्या दिवशी राहू दे. फोनवर राहू दे. प्रभु करंल की, राहू दे. दर वेळी ते हात जोडून थांबवत होते आणि मी दर वेळी दुप्पट जोराने कामाला लागत होतो.

लग्नाच्या बोलण्यांत काय म्हणाले होते, हे सिद्धेश्वरीला विचारायचं होतं. विचारलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

ठोकळा परत करायचाच. निश्चय.

मंगळवारीच भंगारवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, लाकूड? ते तर त्याच आठवड्यात चुलीत गेलं. म्हणून स्वतः केला. पहिला जाड झाला. दुसरा घसरला. तिसरा सुताराकडून करून घेतला. यावेळी कोणाचंही नाव सांगितलं नाही, माझ्याकडून मोडलं म्हणून सांगितलं. वाटेत ते वाक्य तीनदा जुळवलं होतं, आणि सुताराला त्याचं काहीच नव्हतं.

अप्पा प्रत्येक वेळी पाय ठेवून बघत. मी खाली बसून बोल्ट आवळत होतो. ते म्हणाले, "त्ये लाकूड पायाला बसंस्तवर लई दिवस गेले व्हते. नागव्वा असताना केलं व्हतं." नागव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. एवढंच म्हणाले.

आज तिसरा बसला. अगदी बरोबर बसला. मी ओरडलोच. प्रभुला फोन लावणार होतो.

पण एकट्याने टांग जाईना. गुडघा वर येईना. मी सीट खाली केलं, आणखी खाली केलं, शेवटी पार तळाला नेलं. अप्पांनी दोन्ही हातांनी पाय उचलून बघितला. कपाळावर घाम. थांबले.

संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालू होती म्हणून गुडघे चालू होते. एवढे महिने बसवून का ठेवलं? आता व्यायामाने जेवढं सुटेल तेवढं. सायकल विसरा.

बसवून का ठेवलं. मी खुर्चीतच होतो, समोर. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं नव्हतं, पण उत्तर माझ्याकडेच होतं. मी प्रिस्क्रिप्शन वाचत राहिलो.

परत येताना अप्पा म्हणाले, "वय झालं की. सायकलीचा दोष न्हाय. तुमचा बी न्हाय."

मी मान डोलावली. हे लिहितानाही लाज वाटते. त्यांनी माझ्यासाठी बोललेलं खोटं मी मान डोलावून घेतलं.

२६ जानेवारी, सोमवार

गेल्या मंगळवारपासून रोज सकाळी अप्पांना स्कूटरवर देवळात नेतो. डाव्या पायाला स्कूटरचं फूटरेस्टही पुरत नाही. माझ्या खांद्याला धरून बसतात.

आज सुट्टी, म्हणून बाकावरही बसलो. सगळे मित्र होते. त्यांनी साहजिकच विचारलं, सायकल झाली म्हनं, मग स्कूटर कशाला? अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आमच्या जावयानं आशी केलीय, आशी केलीय, रस्त्यावर काढायला मनच व्हईना. घरात ठिवलीय, दिवानखान्यात."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. शंकरप्पा म्हणाले, "आमची बी हाय की जुनी. तुमी करून देताव का?"

मी तोंड उघडलं. शपथेवर लिहितो, गंज काढायच्या माझ्या पद्धतीबद्दल सांगायला उघडलं होतं. अप्पा तळ्याकडे बघायला लागले. मी तोंड मिटलं.

प्रभुने आजवर एका शब्दाने बोलून दाखवलेलं नाही. व्हिडिओही डिलीट केला म्हणे. हे बरं नाही. त्याने बोलायला पाहिजे होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

आज उशीर झाला. कारण आहे, पण लिहीत नाही.

बाळीवेशीत पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. अप्पा पायरीवर बसले होते. धोतर, टोपी, पिशवी मांडीवर. शेजारीण म्हणाली, सकाळी उजाडल्यापासून बसलेत, आत या म्हटलं तर आले नाहीत.

म्हटलं, अप्पा, फोन तरी करायचा.

"कशाला? तुमी येनार हे म्हाईत हाय की," ते म्हणाले. राग नव्हता, काही नव्हतं. उठायला हात पुढे केला. "आता तुमच्याशिवाय मी कुटं जानार?"

मी हात दिला. त्यांना उठायला वेळ लागला.